आरसा नक्की कुणासाठी?
चित्रातला आरसा म्हणजे बाईचा नखरा एवढंच, असं म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. माणूसभर उंचीच्या, स्टँडवर कलणाऱ्या आरशाला फ्रेंचमध्ये नावच ‘प्सिशे’, म्हणजे ग्रीक पुराणकथेतली सायकी, त्यामुळे चित्रकारांना पुराणातल्या देवीचं निमित्त न काढता नग्न बाई थेट बेडरूममध्ये दाखवायची सोय झाली असावी असं आपलं मला वाटतं. फ्रेंच चित्रकार एदुआर माने याच्या ‘नाना’ (१८७७) या चित्रातली बाई कॉर्सेटमध्येच, म्हणजे आतल्या कपड्यांतच आहे, पण समोर आरसा असून बघते आपल्याकडे! सलोंने, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनाने, नाकारलं ते चित्र. उलट तुलूझ-लोत्रेक या फ्रेंच चित्रकाराचं १८९७ चं आरशासमोरच्या नग्न बाईचं चित्र बघा, बाई पाठमोरी, पायात काळे स्टॉकिंग्ज, हातात उतरवलेले कपडे, आणि ती स्वतःलाच शांतपणे न्याहाळतेय, नखराबिखरा काही नाही, आपण तिच्या खिजगणतीतही नाही.