आधुनिक अरब कलेचा क्युरेटर: ही कारकीर्द घडते कशी?

कलाभ्यासक यांचा प्रश्न

कलेतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासात बगदादमध्ये १९५१ साली स्थापन झालेल्या आधुनिक कलागटाविषयी, विशेषतः जवाद सलीम आणि शाकिर हसन अल सईद या इराकी कलावंतांविषयी वाचले आणि तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही. या कलेचा क्युरेटर, म्हणजे कलाकृती निवडून त्यांची प्रदर्शने मांडणारा अभ्यासक, होऊ इच्छिणाऱ्याने संग्रहालयातील नोकरीची वाट धरावी की विद्यापीठीय संशोधनाची? अरबी भाषा न येता हे काम प्रामाणिकपणे करता येते का?

जुना सभासद

आपण मांडलेल्या दोन वाटा या क्षेत्रात फारशा वेगळ्या राहिलेल्या नाहीत. दोहा येथील मतहफ हे आधुनिक अरब कलेचे संग्रहालय डिसेंबर २०१० मध्ये उघडले, तेव्हा वसन अल खुदैरी त्याच्या संस्थापक संचालक होत्या. पुढे दक्षिण कोरियातील ग्वांग्जू द्वैवार्षिकी या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाच्या २०१२ च्या सहा सहसंचालकांपैकी त्या एक झाल्या आणि नंतर अमेरिकेतील संग्रहालयांत क्युरेटर म्हणून काम करू लागल्या. मतहफच्या उद्घाटनाच्या ‘सज्जिल’ या प्रदर्शनाच्या क्युरेटरांमध्ये नादा शाबूतही होत्या आणि त्या मूळच्या विद्यापीठातील प्राध्यापक. ‘सज्जिल’ म्हणजे ‘नोंद कर’. मला हे नाव फार योग्य वाटते, कारण इथे क्युरेटरला चित्रे भिंतीवर लावण्याआधी त्यांचा इतिहास लिहून काढावा लागतो.

दफ्तरातला माणूस

वरील शेवटच्या वाक्याला मी जोर देऊन दुजोरा देतो. एप्रिल २००३ मध्ये बगदादमधील आधुनिक कलेचा राष्ट्रीय संग्रह लुटला गेला, हजारो कलाकृती विखुरल्या आणि त्यांच्याबरोबर नोंदवह्याही गेल्या. शाबूत यांनी त्यानंतर इराकी आधुनिक कलेचा डिजिटल संग्रह उभारण्यात कित्येक वर्षे घातली. जुनी छायाचित्रे, प्रदर्शनांच्या पुस्तिका आणि खासगी संग्रहांतील कागद यांच्या आधारे कोणते चित्र अस्तित्वात होते एवढे सिद्ध करणे हेच मोठे काम होते. नोंदी नाहीशा झाल्या की बनावट चित्रांना मोकळे रान मिळते, त्यामुळे एखादे चित्र कोणाच्या हातून कोणाकडे गेले याचा माग काढण्याचे कौशल्य इथे प्रदर्शनाच्या मांडणीइतकेच महत्त्वाचे ठरते. मी स्वतः दफ्तरात, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, काम केले आहे, म्हणून सांगतो: या कामाला दाद कमी मिळते, पण त्यावाचून पुढचे काहीही उभे राहत नाही.

आणखी एक गोष्ट. ‘अरब’ हा शब्द गृहीत धरू नका. सुदानी चित्रकार इब्राहिम अल सलाही यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन २०१३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये झाले, त्याचे क्युरेटर सलाह हसन हे आफ्रिकी कलेचे अभ्यासक आहेत. अल सलाही यांच्या रेषेत अरबी सुलेखन आहे आणि आफ्रिकी अलंकरणही आहे. त्यांना एकाच खणात बसवणारा क्युरेटर त्यांची अर्धी चित्रकला गमावतो. त्याच वर्षी तिथेच बैरूतच्या शिल्पकार सलवा रौदा शुकैर यांचे मोठे प्रदर्शन झाले, तेही त्यांनी नव्वदी ओलांडल्यावर. ज्यांची दखल इतकी उशिरा घेतली जाते, त्यांच्या हयातीतच त्यांच्याशी बोलून घेणे हे क्युरेटरचे कर्तव्य आहे असे मी मानतो.

कलाभ्यासक

मनःपूर्वक आभार. भाषेचा प्रश्न मात्र राहिला.

जुना सभासद

सुरुवात अनुवादांवर होऊ शकते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने अरब जगतातील कलाविषयक जाहीरनामे, पत्रे आणि लेख यांचा इंग्रजी संग्रह २०१८ मध्ये प्रसिद्ध केला आहे. शाबूत त्याच्या संपादकांपैकी एक आहेत. पण पुढे अरबी शिकावीच लागेल, आणि मोरोक्को, अल्जीरिया किंवा लेबनॉनवर काम करायचे असेल तर फ्रेंचही. कारण अगदी व्यावहारिक आहे: एकाच चित्रकाराचे नाव इंग्रजी आणि फ्रेंच पुस्तिकांत वेगवेगळ्या स्पेलिंगांनी छापलेले असते, आणि रोमन अक्षरांतच शोधणाऱ्याला एका माणसाचे तीन चित्रकार सापडतात.