प्रतिसाद : सीमाभागातील नाराजीचे मत

दोन्ही राष्ट्रीय पक्ष मान्य नसतील तर ‘नोटा’ (‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा मतपर्याय) हाच प्रामाणिक मार्ग आहे, हे मत मला बेळगावच्या अनुभवावरून पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालामुळे हा पर्याय मिळाला खरा, परंतु ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तरी लोकसभा-विधानसभेत त्याखालोखाल मते मिळवणारा उमेदवारच निवडून येतो, शिवाय मतदार नेमका कशामुळे नाराज आहे, हे त्यातून कोणालाच कळत नाही.

१९९६ मध्ये सीमाप्रश्नाकडे, म्हणजे कर्नाटकातील मराठी भाषक भाग महाराष्ट्रात यावा या मागणीकडे, देशाचे लक्ष वेधण्यासाठी मराठी भाषकांनी मोठ्या संख्येने अर्ज भरले आणि बेळगाव लोकसभा मतदारसंघात तब्बल ४५६ उमेदवार उभे राहिले. प्रश्न सुटला नाही. उलट त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेसाठीची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये करण्यात आली, म्हणजे सामान्य माणसाचा निषेधाचा मार्गच महाग झाला. हे मला आजही अन्यायाचे वाटते.

याउलट २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत याच मागणीसाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या एकाच उमेदवाराला एक लाखाहून अधिक मते मिळाली, आणि भाजप व काँग्रेस यांच्यातील अंतर जेमतेम पाच हजार मतांचे राहिले. जागा मिळाली नाही, पण ही मते कोणाची आणि कशासाठी होती, हे दोन्ही पक्षांना स्पष्टपणे दिसले. अर्थात समितीतच दुफळी माजली की हे बळ उरत नाही, आणि खानापूर-बेळगावातील विधानसभेच्या जागा आपण बव्हंशी त्यामुळेच गमावल्या आहेत.