वय २३, राज्यसेवेचा फॉर्म आत्ता भरू का?

नमस्कार, इंदूरची आहे. बी.कॉम. झालंय, दीड वर्षापासून एका सीएंच्या ऑफिसात काम करते. एमपीपीएससीचा (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचा) फॉर्म भरून ठेवलाय, फक्त फी भरायची आहे.

वयाची अडचण नाही. राज्यसेवेला २१ ते ४० चालतं, म्हणूनच बाबा म्हणतात, घाई कशाला? पण मला पुढे यूपीएससीही द्यायची आहे; तिथे ३२ पर्यंतच आणि खुल्या वर्गाला सहाच संधी, त्यामुळे मला वर्षं मोजावीच लागतात. डेप्युटी कलेक्टरला आठ वर्षांनी आयएएस पदोन्नतीसाठी पात्रता येते, तेव्हा लवकर लागणं फायद्याचंच.

भीती वेगळीच आहे. मागे खसऱ्याची (जमिनीच्या नोंदीची) नक्कल काढायला तहसीलीत गेले होते. पन्नाशीचे बाबू फाइल धरून उभे आणि माझ्याच वयाच्या मॅडम प्रत्येक पान वाचून मगच सही करत होत्या. मला हे जमेल?

इथल्या भंवरकुआं भागातल्या दोन क्लासमध्ये विचारलं, दोघांनीही फीच सांगितली. पेपर हिंदीतून देणार, बदलीला घरून हरकत नाही.

पंचविशीच्या आत अधिकारी झालेलं कुणी असेल तर सांगा: हाताखालची मोठी माणसं ऐकतात का, आणि नोकरी सांभाळून यूपीएससीचा अभ्यास खरंच होतो का?