मदत हवी आहे: टी पेशींमधील ऑटोफॅजी नेमकी कशी मोजावी?

नमस्कार. सक्रिय केलेल्या टी पेशींमध्ये (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचेच घटक मोडून पुन्हा वापरण्याची क्रिया, वाढते का, हे मी तपासत आहे. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने ओळखण्याची चाचणी) एलसी३-२ या ऑटोफॅजीदर्शक प्रथिनाचा पट्टा २४ तासांनी ठळक दिसतो. परंतु ऑटोफॅजी वाढल्यावर हा पट्टा जसा गडद होतो, तसाच लायसोसोममधले (पेशीतील पचनाच्या पिशव्यांमधले) विघटन अडले तरी होतो, त्यामुळे केवळ त्यावरून निष्कर्ष काढणे मला धाडसाचे वाटते. हे विघटन मुद्दाम थांबवणारे बॅफिलोमायसिन घालून फरक पाहावा, तर सक्रिय न केलेल्या पेशी मुळातच नाजूक. चार तासांनी ट्रिपॅन ब्ल्यू या रंगात जवळजवळ निम्म्या निळ्या, म्हणजे मेलेल्या, दिसतात. मात्रा कमी करावी की वेळ? सोबत पी६२ (ऑटोफॅजीत स्वतःही मोडले जाणारे प्रथिन) मोजले, तरी सक्रियतेमुळे त्याची निर्मितीच वाढत असल्यास ते कितपत ग्राह्य धरावे? प्राथमिक (थेट शरीरातून घेतलेल्या) पेशींवर हे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.