मंजुरी यायच्या आधीच उंदीर आणून ठेवले तर बिघडतं कुठे?

फार्माकॉलॉजीवाला:
आयएईसीची, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या कॉलेजच्या कमिटीची, मीटिंग परत पुढे गेली. सीसीएसईएचा, म्हणजे अशा प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीचा, नॉमिनी आल्याशिवाय ती होत नाही, आणि तोवर एम.फार्मची पोरं हात चोळत बसलीत. मंजुरी आली की मग ब्रीडरला ऑर्डर, मग निदान आठवडाभर क्वारंटाइन, तोवर सबमिशन डोक्यावर. उंदीर आधी आणू द्या की, सुई टोचायची नाही, औषध द्यायचं नाही, फक्त खाणं, पाणी, भुसा. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांत होल्डिंग प्रोटोकॉल, म्हणजे प्रयोगाविना प्राणी नुसते ठेवायची सोय, असतोच, मग आपल्याकडेच एवढा बाऊ का?

ॲनिमल हाऊसमधला:
भाऊ, "फक्त खाणं-पाणी" म्हणणाऱ्याने एकदा दिवाळीच्या सुट्टीत ड्यूटी करावी. लाइट गेली तरी खोली 18 ते 29 डिग्रीतच पाहिजे, उजेड-अंधार बारा-बारा तास, पिंजरे बदलायचे ते वेगळंच. आणि फॉर्म बीमध्ये, मंजुरीच्या अर्जात, 180 ते 220 ग्रॅमचे विस्टार जातीचे उंदीर लिहिलेत ना? त्या वयाचा नर बघता बघता वाढतो, महिन्याभरात तुझ्या वजनात बसणारच नाही. मग काय, घरी नेणार? मारावे लागतात, आणि ते काम आमच्याच गळ्यात.

फार्माकॉलॉजीवाला:
मग कमी वजनाचे मागवू, त्यात काय एवढं!

पशुवैद्य:
वजनाचं सोडा, खरी गोची कमिटीत होते. हा प्रयोग प्राण्यांशिवाय होईल का, चाळीसऐवजी चोवीसात भागेल का, हे विचारणं हेच तर तिचं काम. उंदीर आधीच येऊन बसले की "मॅडम, आता आणलेत तर होऊ द्या" सुरू होतं आणि डोळे झाकून सही मिळते. अमेरिकेचं उदाहरण पण अर्धंच दिलंत, तिथला होल्डिंग प्रोटोकॉलसुद्धा कमिटीनेच मंजूर केलेला असतो, प्राणी पशुवैद्याच्या देखरेखीत राहतात, गाईडच्या मर्जीवर नाही.

पीएचडी_चालू:
मग तेच आपल्याकडे करा ना. ब्रीडिंगचं रजिस्ट्रेशन असलेल्या संस्थेने उंदरांच्या पैदाशीची स्वतःची कॉलनी ठेवावी, उंदीर ॲनिमल हाऊसच्या नावावर, मंजुरी आली की वाटप. नाही आली तर दुसऱ्या मंजूर प्रयोगाला देता येतात, कुणावर दडपण नाही.

ॲनिमल हाऊसमधला:
बोलायला सोपं आहे. विस्टार एका वेताला आठ-दहा पिल्लं सहज देते, वाटप अडलं की जास्तीची तीही मारतातच, फक्त तुमच्या थीसिसमध्ये ती मोजली जात नाहीत.

पशुवैद्य:
म्हणून जोड्या मागणी बघूनच लावायच्या. आणि मागणी कळायला मीटिंगच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला ठरवा, ते कॉलेजवाले करत नाहीत आणि पोरं उंदरांच्या मागे लागतात.