'तुमचा नेहमीचा डॉक्टर कोण?' याचं उत्तर घरातल्या पैशावर ठरतं का?

पायवाट (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगतो: ठरतं, आणि आपण समजतो त्यापेक्षा खूप जास्त. मी फक्त तपासणी फीबद्दल बोलत नाहीये.

माझे वडील रोजावर काम करायचे. ताप आला की जिथे गर्दी कमी दिसेल त्या दवाखान्यात शिरायचे, कारण दोन तास बाकावर बसणं म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा. घर भाड्याचं. दर दोन-तीन वर्षांनी घर बदलायचं, घराबरोबर दवाखानाही बदलायचा. पुढे बीपी निघालं. एक दिवस चक्कर येऊन पडले, तेव्हा घरातल्या पिशवीतून तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या निघाल्या. त्यातल्या दोन चिठ्ठ्यांवर एकच औषध होतं, फक्त कंपनीचं नाव वेगळं. वडील दोन्ही गोळ्या इमानाने घेत होते. एकाही डॉक्टरने हयगय केली नव्हती. समोर आलेल्या माणसाला प्रत्येकाने नीट तपासलं होतं. पण तिन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघणारं कोणी नव्हतं.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक नियम मांडला होता: जिथे चांगल्या उपचारांची गरज जास्त, तिथेच ते कमी मिळतात, आणि वैद्यकीय सेवा जितकी बाजाराच्या हाती, तितकी ही उलटी वाटणी तीव्र. स्वतःच्या गावात मात्र ते दवाखान्यात नाव नोंदवलेल्या प्रत्येकाचं बीपी मोजायचे, तक्रार असो वा नसो. वडिलांच्या पिशवीकडे बघताना मला ही गोष्ट हटकून आठवते.

सरळरेष

असहमत. वडिलांबद्दल वाईट वाटलं, पण एका घरावरून नियम काढू नये.

पैसेवाल्यांना तरी कुठे नेहमीचा डॉक्टर असतो? गुडघा दुखला की हाडांचा डॉक्टर, छातीत धडधडलं की हृदयाचा. मधला माणूस त्यांनीच काढून टाकलाय. आणि आकडे तुमच्या बाजूचे नाहीत. २००६ साली २१ देशांची तुलना झाली होती. आजारपणाचं प्रमाण सारखं धरलं, तर साध्या डॉक्टरकडे होणाऱ्या भेटींत श्रीमंतांचं पारडं जड नव्हतं; बऱ्याच देशांत गरिबांच्याच भेटी जास्त होत्या. श्रीमंतांकडे झुकलेल्या होत्या त्या तज्ज्ञांच्या भेटी, त्याही जवळपास सगळीकडे. म्हणजे प्राथमिक डॉक्टरपर्यंत गरीब माणूस पोचतो. अडतो तो पुढच्या पायरीवर.

पायवाट

त्या अभ्यासात मोजल्यात त्या भेटी. ओळख मोजलेली नाही. माझे वडील वर्षात सहा वेळा डॉक्टरकडे गेले असतील, तुमच्या आकड्यात त्या सहा भेटी धरल्या जातील. त्या चार वेगळ्या डॉक्टरांकडच्या होत्या हे त्यात कुठे दिसणार?

उंबरठा

मी नऊ वर्षं दवाखान्याच्या फोनवर बसत होते. म्हणून लिहिते.

कॅनडात डॉक्टरची फी सरकार भरतं. रुग्णाच्या खिशाचा डॉक्टरच्या कमाईशी थेट संबंध नाही. तरीही टोरांटोतल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांना फोन करून एक प्रयोग झाला. 'मला नवा डॉक्टर हवाय,' एवढंच विचारायचं. काही फोनमध्ये माणूस बँकेत नोकरीला असल्याचं सांगायचा, काहींमध्ये सरकारी मदतीवर जगत असल्याचं. निकाल २०१३ मध्ये छापून आले. बँकेतल्या माणसाला २२.६ टक्के ठिकाणी अपॉइंटमेंट मिळाली, मदतीवर जगणाऱ्याला १४.३ टक्के ठिकाणी.

हे वाचलं तेव्हा मला झोप लागली नाही. कारण मीही हेच केलंय. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं. फोनवरचा आवाज घाईत असला, मागे गोंगाट असला, 'माझा नंबर सारखा बदलतो' असं माणूस म्हणाला, की माझ्या मनात पहिला विचार यायचा: हा दिलेल्या वेळेला येईल का? आला नाही तर ती वेळ फुकट जाणार आणि डॉक्टर मला विचारणार. म्हणून मी म्हणायचे, 'सध्या नवीन नावं घेत नाही.' पाच मिनिटांनी दुसरा फोन यायचा, शांत, अदबीने बोलणारा, आणि त्याच्यासाठी मात्र गुरुवारी जागा निघायची.

वेळ न पाळणारे लोक होते, हेही खरं. पण मुकादमाने सोडलं नाही म्हणून न येणारा आणि विसरला म्हणून न येणारा, दोघांपुढे वहीत एकच फुली पडते. आणि दोन फुल्यांनंतर आम्ही नाव काढायचो.

सरळरेष

उंबरठा, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल आदर आहे. पण तोच प्रयोग पूर्ण वाचा. जुना आजार असल्याचं सांगणाऱ्यांना २३.५ टक्के ठिकाणी अपॉइंटमेंट मिळाली, निरोगी असल्याचं सांगणाऱ्यांना १२.८ टक्के. म्हणजे फोनवरची माणसं गरजही बघत होती. उत्पन्नामुळे पडलेल्या फरकापेक्षा गरजेमुळे पडलेला फरक मोठा आहे.

आणि खरी गोष्ट कोणीच बोलत नाहीये. बँकेतल्या माणसालाही चारांतल्या तीन ठिकाणी अपॉइंटमेंट मिळाली नाही! डॉक्टर कमी आहेत. प्राथमिक सेवेत यायला तरुण डॉक्टर तयार नाहीत, कारण तज्ज्ञाची मिळकत आणि मान दोन्ही जास्त. रांग लांब असली की रांगेत कोणाला पुढे घ्यायचं यावर भांडणं होणारच. उत्पन्नाचा वाद घालत बसलात तर रांग तेवढीच राहील.

रातकिडा

नेहमीचा डॉक्टर हवाच कशाला, हा माझा साधा प्रश्न. वय एकोणतीस, तब्येत ठणठणीत. काही झालं तर मोबाईलवरून जो डॉक्टर मिळेल त्याच्याशी व्हिडिओवर बोलतो. सगळे रिपोर्ट फोनमध्ये आहेत. ओळख कशाला लागते?

जुनी फाईल

रातकिडा, डॉक्टर म्हणून सांगतो. रिपोर्टमध्ये लिहिलेलं मी कोणाचंही वाचू शकतो. ज्या बाई एरवी दारातूनच बोलायला सुरुवात करतात, त्या आज गप्प का बसल्यात, हे मला दहा वर्षं त्यांना बघितल्यावरच कळतं. अर्धी निदानं तिथून सुरू होतात.

नॉर्वेत २००१ पासून प्रत्येकाला स्वतःचा ठरलेला डॉक्टर निवडता येतो. तिथल्या लाखो लोकांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ असलेल्यांची तुलना एकाच वर्षाची ओळख असलेल्यांशी केली, तर तातडीने दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी आणि मृत्यूचं २५ टक्क्यांनी कमी होतं. ओळख जितकी जुनी, फरक तितका मोठा.

सरळरेष यांच्या डॉक्टर-टंचाईशी मी सहमत आहे, पण टंचाई सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. गरीब वस्तीतला रुग्ण माझ्याकडे एक आजार घेऊन येत नाही. शुगर, झोप उडालेली, घरात कोणी दारू पिणारं, कामावरून काढण्याची धमकी, सगळं एकदम येतं. त्याला पंचवीस मिनिटं लागतात. डॉक्टरला माणशी सारखेच पैसे मिळत असतील, तर ज्याच्या यादीत असे रुग्ण जास्त तो थकतो, सोडून जातो, आणि मागे उरलेल्यांचा डॉक्टर पुन्हा बदलतो. मीही एकदा अशी जागा सोडली आहे. ते रुग्ण पुढे कोणाकडे गेले, मला माहीत नाही.

सरळरेष

त्या २५ टक्क्यांबद्दल एक शंका. पंधरा वर्षं एकाच जागी राहू शकणारा माणूस मुळातच स्थिर असतो. तो डॉक्टरमुळे जगला की स्थिर आयुष्यामुळे?

यावर खरी परीक्षा अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये झाली. २००८ साली कमी उत्पन्नाच्या लोकांना सरकारी विमा चक्क सोडतीने दिला, त्यामुळे तुलना स्वच्छ होती. दोन वर्षांनी मोजलं, तर बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर यांत लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता.

पायवाट

ओरेगॉन तुम्ही काढलंत ते बरं झालं. पहिल्याच वर्षी काय दिसलं होतं? विमा मिळालेल्यांना नेहमीचा दवाखाना असण्याची शक्यता ७० टक्क्यांनी वाढली, आणि नेहमीचा ठरलेला डॉक्टर असण्याची ५५ टक्क्यांनी. माणसं तीच, सवयी त्याच, बदललं ते एवढंच की पैशाची अडचण दूर झाली. धाग्याचा प्रश्न हाच होता ना? शिवाय नैराश्याचं प्रमाण कमी झालं, उपचारापायी कंगाल होणं जवळपास थांबलं. दोन वर्षांत बीपी उतरलं नाही, मान्य. पण जुनी फाईल पंधरा वर्षांबद्दल बोलतायत.

आणि तुमची शंका माझ्याच बाजूची आहे. 'स्थिर आयुष्य' म्हणजे काय? दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारा पगार, न बदलणारं घर, रजा मागायची सोय. ते उत्पन्नच झालं. नुसता आकडा नाही, त्याची नियमितता.

वडिलांना आता सहा वर्षं एकच डॉक्टर आहेत. मी आणि भाऊ पगारावर लागलो, घर बदलणं थांबलं, त्यानंतरच हे झालं. दोनाऐवजी एक गोळी चालू आहे.

सरळरेष

नियमिततेचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. पण वडिलांच्या त्या डॉक्टरांचं वय काय? ते थांबले की त्यांच्या जागी कोण येणार? त्या दिवशी तुमच्या दोघांचा पगार हातात असूनही तुम्ही उंबरठा यांच्यासारख्याच कोणालातरी फोन लावत असाल.

उंबरठा

लावतील, आणि गुरुवारची जागा त्यांना मिळेल. त्यांच्या वडिलांनी वीस वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर फोन केला असता, तर मी नाही म्हटलं असतं.