आमच्या डोमेनच्या नावाने भलत्याच मेल जात आहेत

प्रश्न
न पाठवलेल्या मेलचे बाउन्स ('मेल पोचली नाही' असे परत येणारे निरोप) दिवसाला शेकड्याने येतात. पासवर्ड बदलला, टू-स्टेप लावलं, फरक शून्य. 'सेंट' फोल्डर रिकामं आहे.

उंबरठा
मग खातं बहुधा फुटलेलं नाही. पाकिटाच्या मागे पाठवणारा म्हणून कुणाचंही नाव खरडता येतं, तसं 'फ्रॉम'मध्ये तुमचा पत्ता टाकलाय. पासवर्डाचा इथे संबंध नाही. डीएनएसमध्ये (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत) एसपीएफची, म्हणजे तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या यादीची, टीएक्सटी (मजकूर) नोंद बघा. ती एकच हवी, दोन असल्या तर तपासणीच बाद होते. ती तपासताना लागणारे लुकअप (डीएनएसमधले शोध) 10 च्या आत ठेवा; प्रत्येक 'इन्क्लूड' (दुसऱ्या डोमेनची यादी जोडणारा भाग) त्यात मोजला जातो, थेट लिहिलेला आयपी नाही.

तारयंत्र
नुसत्या एसपीएफने भागणार नाही. तो रिटर्न-पाथ (बाउन्स जिथे परत जातात तो पत्ता) तपासतो, वाचणाऱ्याला दिसणारा 'फ्रॉम' नाही. शिवाय मेल फॉरवर्ड झाली की तो बहुतेकदा मोडतो. डीकेआयएमची सही (पाठवणाऱ्या सर्व्हरने मेलवर केलेली डिजिटल सही) मजकूर न बदलल्यास टिकते. म्हणून डीकेआयएम सुरू करा, सहीची की (किल्ली) 2048 बिटची घ्या. मग डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद), आधी 'नन' (काही अडवू नका) धोरणावर, रिपोर्टसाठी वेगळा पत्ता देऊन. दोन-तीन आठवडे रिपोर्ट वाचा. बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर, वेबसाइटचा फॉर्म हे हमखास राहून गेलेले सापडतात. ते दुरुस्त झाले की 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका), शेवटी 'रिजेक्ट' (घेऊच नका). घाईत थेट 'रिजेक्ट' केलंत तर स्वतःचीच बिलं अडकतील!

उंबरठा
बरोबर. तरी बाउन्स लगेच आटणार नाहीत, सगळे सर्व्हर डीमार्क पाळत नाहीत. आणि हो, खात्यातले फिल्टर आणि ऑटो-फॉरवर्ड एकदा उघडून बघाच; घुसखोर 'सेंट' पुसूनही जातो.